काळी चारची तार

ती पियानोच्या पोटात डोकं खुपसून उभी होती आणि एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबत होती. बाहेर पाऊस कंटाळल्यासारखा पडत होता, तळघरातल्या त्या स्टुडिओत ओल्या सतरंजीचा वास कोंडला होता, आणि काळी चार काही केल्या सुरात येत नव्हती. काळी चार म्हणजे मधल्या सप्तकातली चौथी काळी पट्टी. तिच्यामागे तारा तीन. तिघी एका सुरात बोलल्या तर स्वर सरळ उभा राहतो. इथे दोघी शहाण्या होत्या आणि तिसरी सारखी खाली घसरत होती, त्यामुळे स्वर वाजला की आतल्या आत थरथरायचा.

"अशी नाही," दारातून कुणीतरी म्हणालं. "ती अशी वाजते…"

आणि त्या कुणीतरीने तो स्वर गाऊन दाखवला. नुसता स्वर नाही, त्याची थरथरसुद्धा. तिने दचकून मान वर केली आणि झाकणाची कड डोक्यावर खाडकन आपटली. दारात एक उंच, निथळणारा माणूस उभा होता. डाव्या हातात छत्री होती, उजवा हात कोटाच्या खिशात.

"लागलं?"

"नाही, सवय आहे," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं होतं ते पुसायलाही लाज वाटली. "रेकॉर्डिंग उद्यापासून आहे ना?"

"उद्यापासूनच. आज नुसता भेटायला आलो."

"कुणाला?"

"हिला." त्याने हनुवटीने काळी चारची पट्टी दाखवली. "तुम्ही भेटाल हे माहीत नव्हतं. नाहीतर केस तरी पुसून आलो असतो."

ती पुन्हा पियानोत वाकली, कारण चेहरा लपवायला तेवढीच जागा जवळ होती.

"नका ओढू तिला," तो म्हणाला. "कशाला छळता बिचारीला?"

"छळायचंच तर काम आहे माझं. हिची खुंटी ढिली झालीय. आता ओढली की दुपारपर्यंत पुन्हा खाली. मालक नवी बसवू देत नाहीत, म्हणतात चालतंय तोवर चालू दे. तुम्हाला त्रास होईल वाजवताना… आधीच माफी मागून ठेवते."

"राहू द्या. मला तिची सवय आहे."

एवढं बोलून तो हसला. हसताना त्याचा एकच गाल हलायचा, आणि तिला, खोटं कशाला सांगा, तो गाल आवडला. गालाच्या नादात वाक्य मात्र तिने कानाआड केलं. जिचं पोट कानावर चालतं तिने नेमकं तेच वाक्य कानाआड करावं, याला काय म्हणायचं?

पियानो सुरात लावणं हा तिच्या घरचा धंदा. आधी बाबा करायचे. आता त्यांचे कान गेले होते, म्हणून खुंट्या पिळायच्या चाव्यांची पिशवी तिच्या खांद्यावर आली. पिशवीबरोबर बाबांनी एक नियमही दिला होता. कामाला हात घालण्याआधी वाजवणाऱ्याला विचारायचं, 'काय ठेवू?' काय नीट करायचं ते आपल्याला ऐकू येतंच. काय ठेवायचं ते त्यालाच ठाऊक असतं. पण इथे तिला बोलावलं होतं स्टुडिओच्या मालकाने. वाजवणारा नंतर आला. त्यामुळे विचारायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

तो जॅझ वाजवायचा. इतकी वर्षं हॉटेलांत, लोकांच्या जेवणामागे, दुसऱ्यांच्या चाली. आता पहिल्यांदाच स्वतःच्या रचनांचा अल्बम करायला निघाला होता, आणि रचना म्हणजे एकेक नग होत्या. एकीचं नाव 'उलटा जिना', एकीचं 'पाहुणे गेल्यावर', एकीचं 'दाढदुखी'. कुठे मात्रा मध्येच एक पाऊल गाळून पुढे जायच्या, कुठे डावा हात एक गोष्ट सांगायचा आणि उजवा तीच गोष्ट खोडून काढायचा. पहिल्या दिवशी काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टने बराच वेळ ऐकून विचारलं, "सुरुवात झाली का… की अजून हात मोकळे करताय?" हा रेकॉर्डिस्ट बारा महिने सर्दीने बेजार असे. शिंक आली की तोंड उशीत खुपसायचा, आणि त्यासाठी एक उशी कायम मांडीवर ठेवायचा.

तिचं काम सकाळी संपायचं. दमट हवेत पियानो रोज थोडा हलतो, म्हणून रोज यावं लागे; पण आल्यावर दिवसभर तिथेच बसावं असं काही कुणी सांगितलं नव्हतं. ती बसायची. पहिल्यांदा 'उलटा जिना' ऐकला तेव्हा डावा हात वर चढत होता, उजवा खाली उतरत होता, आणि दोघे मधल्या एका पायरीवर असे काही धडकले की तिला फस्सकन हसू आलं. टेक वाया गेला. तिने तोंडावर हात दाबला.

तो मात्र स्टुलावर गर्रकन वळला. "एकदाचं कुणीतरी हसलं," तो म्हणाला. "विनोदच होता तो. गेल्या तीन वर्षांत कुणाला कळला नव्हता."

"मला पण नीटसा नाही कळला…"

"हसलात ना? मग झालं. आपल्याकडे तानसेन पुष्कळ झालेत. कानसेन मिळत नाही."

तेव्हापासून तो तिला कानसेन म्हणू लागला. ती नाराज झाल्यासारखं दाखवायची, आणि दुसऱ्या दिवशी केस नीट विंचरून यायची.

घरी बाबांच्या ते लक्षात आलंच. कान गेले तरी डोळे होते. "जॅझवाला आहे ना?" ते मोठ्याने म्हणाले, कारण ते आता सगळंच मोठ्याने म्हणायचे. "ते पियानोला फार धुतात. जपून."

"मी पियानो आहे का बाबा?"

"तू त्याहून लवकर बिघडतेस."

आणि मग, दुसरा आठवडा चालू असताना, तिला पियानोत एक नवा दोष ऐकू आला. वरच्या सुरांमधला एखादा स्वर मध्येच पोकळ निघायचा. बाकीचे नीट उमटायचे, हा एक मात्र पुसट. तिने सकाळी पियानो उघडला, तिथली तारेवर आपटणारी हातोडी तपासली, तिच्यावरचा लोकरीचा नमदा सुईने मऊ केला. दोष गेला नाही, शेजारच्या पट्टीवर गेला. तिने तीही हातोडी बघितली. मग दोष आणखी दोन घरं पलीकडे. हातोड्या ठणठणीत होत्या, तारा ठणठणीत होत्या. ती चक्रावून गेली. दुपारी तो वाजवत असताना ती त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली, आणि पहिल्यांदा पियानोकडे न बघता तिने त्याच्या हाताकडे बघितलं. पोकळ स्वर निघत होता तो प्रत्येक वेळी उजव्या हाताच्या अनामिकेखालून. करंगळी तर पट्टीला नुसती टेकत होती.

टेक संपल्यावर तिने त्याच्यासमोर चहाचा कप ठेवला तो मुद्दाम उजव्या बाजूला. त्याने क्षणभर कपाकडे बघितलं, मग डावा हात समोरून आडवा नेऊन कप उचलला.

"किती दिवस झाले?" तिने विचारलं.

"चहा गार झालाय."

"मी चहाचं विचारत नाहीये."

काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट उशीत शिंकत होता. "मला वाटलं होतं आधी त्याला कळेल," तो हळूच म्हणाला. "विसरलोच, कानसेन तुम्ही आहात. मज्जातंतूंचा आजार आहे. आधी ही दोन बोटं. मग हात. मग दुसरा हात. मग… डॉक्टरांना पुढचं विचारलं तर ते खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, मी पण बघितलं."

तिने त्याच्या हातातला गार कप घेऊन खाली ठेवला.

"म्हणून घाई आहे," तो म्हणाला. "चार रचना झाल्या, तीन राहिल्यात. तेवढं हाताने साथ दिली की माझी काही तक्रार नाही. आणि हे बघा, त्या शिंकणाऱ्या माणसाला सांगू नका. तो कीव करायला लागला तर मला ताल चुकल्यासारखं होतं."

"आणि मी केली तर?"

"तुमची चालेल," तो म्हणाला. एकच गाल हलला, पण या वेळी नीट हलला नाही.

ती रात्र तिने कशी काढली ते तिलाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी रविवार, स्टुडिओ बंद. किल्ली तिच्याकडे होतीच. त्या हाताचं तिला काही करता येणार नव्हतं. सगळ्या डॉक्टरांना नाही आलं ते हिला कुठून येणार? मग जे करता येईल ते तरी करावं म्हणून ती उठली. मालकाला न सांगता तिने काळी चारची ती ढिली खुंटी उपटून काढली, पदरची नवी जाड खुंटी ठोकून बसवली, गंजलेली तार काढून कोरी करकरीत तार चढवली. संध्याकाळी काळी चार वाजवली तेव्हा तिन्ही तारा एका सुरात बोलल्या. थरथर नाही, कुरकुर नाही. ती पट्टी दाबून ती एकटीच हसली आणि एकटीच रडली. उद्या तो बसेल, वाजवेल, आणि त्याला कळेल, असं तिला वाटत होतं. काय कळेल हे तिने स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

सोमवारी तो बसला. पाचवी रचना सुरू केली. चार-सहा मात्रा गेल्या असतील, आणि हात थांबले. त्याने काळी चार एकटी दाबली. पुन्हा दाबली. मग कान लाकडाजवळ नेला, आजाऱ्याच्या छातीजवळ न्यावा तसा.

"ही कुठे गेली?" तो म्हणाला.

"मी… नवी बसवली. काल. तुमच्यासाठी." तिचा आवाज शेवटी शेवटी नुसता श्वास झाला.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त दोन्ही हात मांडीवर घेतले. "हॉटेलातली कामं संपली की दुपारचा मी इथे यायचो," तो म्हणाला. "दहा वर्षं. सगळ्या रचना याच पियानोवर केल्या. ही एक पट्टी रडायची, आणि बाकी सगळं मी तिच्याभोवती बांधत गेलो. 'उलटा जिना' जिथे धडकतो ना, ज्याला तुम्ही हसलात, तो हिच्यावरच धडकतो. चार रचनांत ती आहे. उरलेल्या तिघी आता कुठे धडकणार?"

"पण मी माफी मागितली तेव्हा तुम्ही म्हणालात की सवय आहे…"

"मी म्हटलं होतं, नका ओढू."

खरंच म्हटलं होतं. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर त्याने न विचारता, पहिल्याच दिवशी देऊन टाकलं होतं, आणि तिने ते लाडीगोडी समजून मनाच्या कोपऱ्यात जपून ठेवलं होतं. तो उठला. कोट घालताना उजवी बाही त्याला सापडेना. ती पुढे झाली, पण त्याने मान हलवली आणि कोट तसाच खांद्यावर टाकून तो जिना चढून गेला.

घरी तिने बाबांना सगळं लिहून दाखवलं, कारण ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं. बाबांनी वाचलं आणि चष्मा काढला.

"विचारलं नाहीस."

तिने मान खाली घातली.

"जुनी तार टाकलीस?"

टाकली नव्हती. पिशवीत वेटोळं करून ठेवली होती. त्याची म्हणून ठेवली होती, पण हे तिने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी बाप-लेक दोघं स्टुडिओत गेले. बाबांनी स्वतःच्या हाताने जुनी तार सरळ केली, खुंटीला गुंडाळली. तिने चावीने ताण द्यायला सुरुवात केली, आणि थोडी आशा वाटते न वाटते तोच तार जुन्या वळणापाशी कट्कन तुटली. तिच्या मनगटावर लाल रेघ उमटली. ती खाली बसली.

"झालं," ती म्हणाली. "संपलं सगळं."

बाबांना ते ऐकू आलं नाही, पण कळलं. "नवी तार चढव," ते म्हणाले. "आणि उतरव. ती किती खाली होती ते या पियानोला आठवणार नाही, तुला आठवेल. दोन आठवडे तुझ्या कानाला तेच तर खुपत होतं."

"नवी तार टिकत नाही बाबा," तिने हातवारे करून सांगितलं. "ताणली की सैल पडते. तासाभरात स्वर दुसरीकडे जाईल."

"मग तासाभराने पुन्हा लाव. तुला दुसरं काय काम आहे?"

त्याचं घर तिने शोधून काढलं. दार त्यानेच उघडलं. शर्टाची वरची तीन बटणं उघडी होती आणि चौथ्याशी डाव्या हाताची झटापट चालली होती. दोघंही अवघडून उभे राहिले. मग तिने पिशवी खाली ठेवली आणि न विचारता… नाही, या वेळी तिने विचारलं.

"लावू?"

त्याने मान डोलावली. तिने एकेक बटण लावलं. इतक्या जवळून त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. थोडा वेळ तो थांबल्यासारखा झाला, मग पुन्हा सुरू झाला.

"ओरडायचं असेल तर ओरडा," ती बटणाकडेच बघत म्हणाली.

"ओरडायला दम लागतो. तो सध्या मी जपून वापरतोय."

"मला ती थरथर आठवतेय. अगदी होती तशी. मी प्रत्येक टेकच्या आधी लावून देईन. चुकली तर पुन्हा लावीन. तुम्ही फक्त चला."

"कानसेन," तो म्हणाला, "करंगळी गेली. काल."

तिची बोटं शेवटच्या बटणावर थांबली. "मग लवकर चल," ती म्हणाली. तुम्हीचं तू झालं हे दोघांच्याही नंतर लक्षात आलं.

त्या दिवसांत पियानोचं झाकण उघडं असे आणि ती त्याच्या वळणात, तारांवर वाकून उभी असे, हातात चावी. तो बसला की आधी काळी चार दाबायचा. ती ऐकायची, केसभर खाली आणायची, पुन्हा ऐकायची. "अजून थोडी… रडवेली," तो म्हणायचा. "एवढी?" "नाही, एवढी तर ती माझ्या सासूसारखी वाटते." "तुला सासू आहे?" "नाही. म्हणून तर कल्पना करायला मोकळा आहे." मग टेक. टेक संपला की तार हललेलीच असे, की पुन्हा चावी. रेकॉर्डिस्टने एकदा काचेतून तक्रार केली, "बाईंचा श्वास येतोय रेकॉर्डिंगमध्ये."

"येऊ दे," तो म्हणाला. "पियानोचाच समज."

पाचवी झाली. सहावी अडखळत, तुकड्यातुकड्यांनी झाली. बोटं एकेक करून त्याचा हात सोडून चालली होती, आणि प्रत्येक बोटाचा हिशेब तिला ऐकू येत होता. सातवीच्या सकाळी त्याने उजवा हात पट्ट्यांवर ठेवला आणि तो तिथे नुसता पडून राहिला. रेकॉर्डिस्टने तेव्हा पाहिलं. त्याने रेकॉर्डिंगचा दिवा लाल केला आणि पुन्हा बंद केला.

मग वाजवणाऱ्याने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. निजलेल्या मुलाला बाजूला सरकवावं तसा. "उजव्या हाताचं सगळं गाळू," तो म्हणाला. "एक सोडून. इकडे ये. बस."

"मला वाजवता येत नाही."

"रोज तर वाजवतेस."

"एकेक पट्टी. कधी दोन एकत्र वाजवून चाल नाही केली…"

"मला एकच हवीय. मी खांदा लावला की दाब. हळू."

ती त्याच्या शेजारी स्टुलावर अर्धी बसली, कारण अर्धीच जागा होती. लाल दिवा लागला. त्याचा डावा हात एकटाच चालू लागला, खालच्या अंधाऱ्या सुरांतून, थांबत, वळसे घेत, कुणाची तरी वाट बघत. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला आणि तिने काळी चार दाबली. स्वर उभा राहिला आणि थरथरला. डावा हात पुढे गेला. पुन्हा खांदा. पुन्हा काळी चार. तिचे गाल ओले झाले होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. शेवटच्या खेपेला खांदा लागला तो परत गेलाच नाही, तसाच टेकून राहिला. तिने पट्टी दाबून धरली, स्वर पूर्ण विझेपर्यंत.

"नवी तार बसायला किती दिवस लागतात?" त्याने विचारलं.

"वर्ष तरी."

"आणि तोवर?"

"रोज यावं लागतं. नाहीतर ती जिथे हवी तिथे राहत नाही."

"वर्षाचं मी काही सांगू शकत नाही, कानसेन."

"मी तारेचं म्हणत होते," ती म्हणाली. मग श्वास घेऊन म्हणाली, "नाही. तुझंच म्हणत होते. रोज येईन. मला तू हवा आहेस, जेवढा असशील तेवढा."

डाव्या हाताने त्याने तिची बोटं पट्टीवरून उचलली आणि स्वतःच्या निर्जीव हातावर ठेवली. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने तोंड उशीत खुपसलं होतं, आणि त्या दिवशी त्याला सर्दी नव्हती. दिवा बंद करायचं तो विसरला.

अल्बम निघाला. काहींनी लिहिलं की पियानो सदोष आहे, काहींनी लिहिलं की असं काही पूर्वी ऐकलं नव्हतं. शेवटच्या रचनेनंतरचं बोलणं तिने कापायला सांगितलं आणि त्याने ठेवायला सांगितलं. शेवटी फक्त तिचा एक श्वास ठेवायचा असं ठरलं. तोवर त्याचा दुसरा हातही गेला होता. ती रोज सकाळी स्टुडिओत जाई, काळी चार लावी, आणि तिथून त्याच्याकडे येई. आली की तो पलंगावरून विचारायचा, "आज किती घसरली होती?" आणि ती दोन बोटांत अंतर धरून दाखवायची. अंतर महिन्यागणिक कमी होत गेलं. त्याचा आवाजही.

एक दिवस ती आली आणि दारातच उभी राहिली. बाहेर पुन्हा तोच कंटाळलेला पाऊस होता.

"आज?" त्याने विचारलं. शब्द आता पुसट निघायचा, पण तिला कळायचा.

"आज ओढावी लागली नाही. काल ठेवली तिथेच होती. बसली तार."

तो तिच्याकडे बघत राहिला. वर्ष झालं होतं, आणि तो होता. एक गाल किंचित हलला.

"मग आता… रोज यायला नको."

"तारेला नको," ती म्हणाली, आणि छत्री कोपऱ्यात ठेवून त्याच्या शर्टाची बटणं लावायला बसली.